स्थिरता हवी ती उपग्रहापाशी

हौशी रेडिओ उपग्रहावरून पहिल्यांदा बोलू पाहणाऱ्या हॅमला बहुधा एकच गोष्ट छळते. उपग्रह क्षितिजावर आलेला असतो, अँटेना बरोबर दिशेला असते, डाउनलिंकवर कुणाचा तरी आवाजही सापडलेला असतो; पण तो आवाज जागेवर थांबत नाही. नॉब फिरवून स्वच्छ करावा, तर थोड्याच वेळात तो जाड होतो, मग घोगरा, मग कळेनासा. बिघाड रेडिओत नसतो आणि उपग्रहातही नसतो. सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारी वस्तू आपल्याशी बोलत असताना असेच घडणार. या परिणामाला डॉप्लरचे नाव आहे. तो ओळखून भरून कसा काढायचा, हा या पुस्तिकेचा विषय.

हा विषय सहसा 'नीट ऐकू येण्याची युक्ती' म्हणून शिकवला जातो. त्यामुळे त्याचा निम्मा भाग शिकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, असे माझे ठाम मत आहे. आपण घेत असलेल्या आवाजावर डॉप्लरचा परिणाम होतो, तसाच आपण पाठवत असलेल्या आवाजावरही होतो. ऐकण्यातली चूक फक्त आपल्यालाच भोवते. पाठवण्यातली चूक मात्र त्या वेळी उपग्रहावर असलेल्या प्रत्येकाला भोवते. म्हणून या पुस्तिकेतला प्रत्येक नियम एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपतो: आपला आवाज उपग्रहापर्यंत पोहोचतो तेव्हा तो कोणत्या वारंवारतेवर असतो? तिथे तो स्थिर असेल, तर बाकी सगळे आपोआप जुळते.

ख्रिश्चन डॉप्लर यांनी ही कल्पना १८४२ साली प्राग येथे मांडली, तीही ताऱ्यांच्या रंगांच्या संदर्भात. ध्वनीच्या बाबतीत तिची पडताळणी १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइज बॅलट यांनी केली. त्यांनी आगगाडीवर तुतारीवादक बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांची पक्की ओळख असलेले कान उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढा ऐकू आला, लांब जाताना उतरलेला. रेडिओ लहरींनाही तोच न्याय लागू आहे. प्रकाशाचा वेग ध्वनीपेक्षा कितीतरी पट मोठा असल्यामुळे जमिनीवरच्या वाहनांच्या बाबतीत हा फरक हॅमच्या लक्षात येण्याइतका नसतो. उपग्रहाने मात्र हिशेब बदलला.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ कक्षेत गेला आणि २०.००५ मेगाहर्ट्झवर त्याचे 'बीप बीप' जगभर ऐकू येऊ लागले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीतले विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ तो ऐकत होते. वारंवारता सरकते आहे हे त्यांनी टिपले, तिचा आलेख काढला आणि त्या एका आलेखावरून उपग्रहाची कक्षा शोधून काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: एका ठिकाणाहून ऐकून उपग्रह कुठे आहे हे कळत असेल, तर उपग्रह कुठे आहे हे माहीत असताना ऐकणारा कुठे आहे हेही कळायला हवे. त्यातून 'ट्रान्झिट' ही उपग्रहांवर चालणारी पहिली दिशादर्शन यंत्रणा जन्माला आली. हॅमला नकोशी वाटणारी ही सरकती वारंवारता मुळात माहितीने भरलेली आहे, हे या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

हौशी उपग्रहांचे पर्व स्पुटनिकनंतर चारच वर्षांनी सुरू झाले. १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या हॅमनी बनवलेला ऑस्कर-१ कक्षेत गेला आणि जवळपास तीन आठवडे मोर्समध्ये 'एचआय' एवढेच पाठवत राहिला. १९६५ चा ऑस्कर-३ हा ट्रान्सपाँडर असलेला पहिला हौशी उपग्रह. खालून आलेले सिग्नल घेऊन तो दुसऱ्या वारंवारतेवर परत पाठवत असे. इथून डॉप्लर हा दुहेरी प्रश्न झाला, कारण आता वर जाणारी आणि खाली येणारी अशा दोन्ही लहरी सरकू लागल्या.

किती सरकतात, हे आधी पाहू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४२० किलोमीटर उंचीवरून फिरते. ते क्षितिजावर उगवते तेव्हा आपल्याकडे येण्याचा त्याचा वेग सेकंदाला ७ किलोमीटरच्या थोडा वर असतो. प्रकाशाच्या वेगाशी तुलना केली, तर हे प्रमाण दर दहा लाखांमागे २४ इतके पडते. म्हणून १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा सिग्नल सुमारे ३.५ किलोहर्ट्झ वर सापडतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवरचा सुमारे १०.५ किलोहर्ट्झ वर. मावळताना तेच आकडे उणे होतात. वारंवारता जितकी जास्त, तितके सरकणे जास्त. दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर या पट्ट्यांतला तिप्पट फरक हॅमला पहिल्या दिवसापासून पाठ असावा.

पण एकूण किती सरकते यापेक्षा केव्हा किती वेगाने सरकते, हे कामाच्या वेळी जास्त महत्त्वाचे ठरते. क्षितिजाजवळ बदल मंद असतो. उपग्रह सर्वांत जवळ येतो त्या क्षणाच्या आसपास मात्र वारंवारता घसरते. स्थानक थेट डोक्यावरून जात असेल, तर ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ती घसरण सेकंदाला १९० हर्ट्झच्या घरात जाते. पास, म्हणजे उपग्रहाची आकाशातली एक फेरी, क्षितिजापासून कमी उंचीचा असेल, तर हीच घसरण पसरट होते. दर अर्ध्या मिनिटाला वारंवारता लिहून तिचा आलेख काढला, तर आडव्या ताणलेल्या एस या इंग्रजी अक्षरासारखी रेषा मिळते. पुस्तिकेतला पहिला पाठ हाच आहे: काहीही पाठवण्याआधी एखाद्या बीकनचा असा आलेख स्वतःच्या हाताने काढा. गायर आणि वायफेनबाख यांनी जे केले, त्याचे हे घरगुती रूप आहे, आणि एकदा ते केले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

त्या आलेखातूनच पहिले सूत्र निघते. उपग्रह जवळ येत असताना त्याचा आवाज वर सापडतो, म्हणून रिसीव्हर वर लावायचा आणि पास पुढे सरकेल तसा खाली आणायचा. आपला आवाजही उपग्रहाला वर ऐकू जातो, म्हणून ट्रान्समीटर आधी खाली लावायचा आणि हळूहळू वर न्यायचा. ऐकताना वरून खाली, बोलताना खालून वर. उपग्रह कोणताही असो, पट्टा कोणताही असो, हे सूत्र बदलत नाही.

एफएम उपग्रहांवर हे काम बरेच सोपे असते. सौदी अरेबियाच्या एसओ-५० या उपग्रहाचे उदाहरण घ्या. अपलिंक १४५.८५० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या सबटोनसह आहे, डाउनलिंक ४३६.७९५ वर. एफएमचा चॅनेल रुंद असल्यामुळे दोन मीटरवरचे तीन-साडेतीन किलोहर्ट्झ तो पोटात घेतो, आणि अपलिंक हलवावी लागत नाही. डाउनलिंकसाठी हँडीमध्ये पाच मेमरी भरून ठेवल्या की पुरते: ४३६.८०५ पासून सुरुवात, मग ८००, मधोमध ७९५, पुढे ७९० आणि शेवटी ७८५. आवाज फाटू लागला की पुढच्या मेमरीवर जायचे. दोन मीटरवर अपलिंक आणि सत्तर सेंटिमीटरवर डाउनलिंक असलेल्या एफएम उपग्रहांना हीच रीत चालते. पट्टे उलटे असतील, म्हणजे अपलिंक सत्तर सेंटिमीटरवर असेल, तर मेमरी अपलिंकच्या भरायच्या आणि क्रमही उलटा, खालून वर. नवख्याने इथून सुरुवात करावी, यात काहीच कमीपणा नाही.

खरा कस लागतो तो लिनिअर ट्रान्सपाँडरवर. तिथे एकच चॅनेल नसतो. वारंवारतेचा एक आख्खा तुकडा उपग्रह उचलतो आणि जसाच्या तसा दुसऱ्या पट्ट्यात नेऊन ठेवतो. रशियाच्या आरएस-४४ चा ट्रान्सपाँडर ६० किलोहर्ट्झ रुंद आहे. अपलिंक १४५.९३५ ते १४५.९९५ आणि डाउनलिंक ४३५.६७० ते ४३५.६१०. त्यात एसएसबीची वीसएक संभाषणे शेजारी शेजारी मावू शकतात. डाउनलिंकचे आकडे उलट्या क्रमाने लिहिले आहेत, ते मुद्दाम. हा ट्रान्सपाँडर उलटवणारा आहे: अपलिंकवर आपण वर सरकलो, की डाउनलिंकवर खाली उतरतो. म्हणूनच वर पाठवताना एलएसबी वापरतात आणि ऐकताना यूएसबी.

हे उलटवणे डॉप्लरमुळेच सोयीचे ठरते. आरएस-४४ सरासरी साडेतेराशे किलोमीटर उंचीवर आहे. क्षितिजावर त्याचा आपल्याकडे येण्याचा वेग सेकंदाला ६ किलोमीटरच्या जरा आत असतो. त्या वेळी आपला १४५.९६५ वरचा आवाज उपग्रहाला सुमारे २.९ किलोहर्ट्झ वर ऐकू जातो. उलटवल्यामुळे तो तितकाच खाली जाऊन बाहेर पडतो. खाली येताना ४३५.६४० वर ८.६ किलोहर्ट्झची भर पडते. बेरीज-वजाबाकी करून उरतात ५.७. ट्रान्सपाँडर सरळ असता, तर हेच ११.५ झाले असते. संकेत सरळ न पाठवता उलटवून पाठवण्याने सरकणे निम्म्यावर आले. हौशी उपग्रह घडवणाऱ्यांनी लिनिअर ट्रान्सपाँडर बहुतेक वेळा उलटवणारेच का ठेवले, याचे हे एक भक्कम कारण आहे.

पण उरलेल्या ५.७ चे काय करायचे? जुना सल्ला असा होता: दोन्हींपैकी जी वारंवारता जास्त आहे, ती फिरवा, कमी असलेली स्थिर ठेवा. हात एक, नॉब एक आणि संगणक नाही, अशा काळात तो सल्ला व्यवहार्य होता, आणि हाताने काम करणाऱ्याला अजूनही अडीअडचणीला उपयोगी पडतो. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे १४५ मेगाहर्ट्झवरचे सरकणे दुर्लक्ष करण्याइतके लहान आहे. ते तसे नाही.

हे पाहण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. आरएस-४४ उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला आहे आणि या क्षणी माळव्याच्या वर आहे. दिल्लीच्या हॅमपासून तो दूर जातो आहे. पुण्याच्या हॅमकडे येतो आहे. दोघांनीही ट्रान्समीटर अचूक १४५.९६५ वर रोवून ठेवला आहे. दिल्लीचा आवाज उपग्रहाला सुमारे १.४ किलोहर्ट्झ खाली ऐकू जातो आणि पुण्याचा तितकाच वर. दोघांमध्ये २.८ किलोहर्ट्झचे अंतर पडले, म्हणजे एसएसबीच्या एका आवाजाची पूर्ण रुंदी. दोघांच्या रेडिओच्या पडद्यावर एकच आकडा आहे, आणि तरीही ते एकमेकांना सापडणार नाहीत. मग एक जण दुसऱ्याच्या मागे आपला ट्रान्समीटर सरकवतो, दुसरा पहिल्याच्या मागे, आणि असे करत करत दोघांचे संभाषण पासबँडमध्ये सरपटू लागते. वाटेत तिसऱ्या-चौथ्याचे संभाषण असेल, तर ते त्यावर जाऊन आदळते. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. प्रत्येक जण फक्त आपल्या कानापुरती दुरुस्ती करत असतो.

यावर अ‍ॅमसॅट या हौशी उपग्रह संघटनेच्या परंपरेत जे उत्तर पक्के झाले, ते एका वाक्यात मावते: ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही असे हलवत राहा, की उपग्रहापाशी दोन्ही वारंवारता स्थिर राहतील. दिल्लीच्या हॅमने आपल्या ठिकाणाचा हिशेब करायचा, पुण्याच्या हॅमने आपल्या. दोघांच्या पडद्यांवरचे आकडे वेगळे असतील, सतत बदलतही राहतील. पण उपग्रहाच्या अँटेनेपाशी दोघे एकाच जागी भेटतील आणि पास संपेपर्यंत तिथेच राहतील. तिसरा ऐकणाराही आपल्या ठिकाणाचा हिशेब करून आला, की त्याला ते संभाषण जागेवरच सापडेल. मापण्याची जागा आपल्या टेबलावरून उचलून उपग्रहावर नेली, एवढाच हा बदल. पण त्याने सगळ्यांना एकच मोजपट्टी मिळाली.

लिनिअर ट्रान्सपाँडरचा पासबँड हे गावच्या गायरानासारखे आहे. ते कुणा एकाच्या नावावर नाही, म्हणूनच प्रत्येकाने आपली गुरे कुठे चरताहेत यावर नजर ठेवायला हवी. डॉप्लर दुरुस्तीकडे मी तंत्राइतकेच शिस्त म्हणून पाहतो ते यासाठी. ज्या वारंवारतेची काळजी घ्यायची, ती आपल्या रेडिओवर दिसत नाही. तिच्यापाशी कुणी बसलेलेही नसते. तरी सगळ्यांनी ती सांभाळली, तर सगळ्यांचे संभाषण चालते. ताकदीचेही तसेच आहे. गरजेपेक्षा जास्त वॅट ओतले, तर ट्रान्सपाँडर आपली संवेदनशीलता कमी करतो आणि कमी ताकदीचे आवाज दबून जातात. आपला आवाज बीकनपेक्षा मोठा ऐकू येत असेल, तर ताकद कमी करावी.

भारतीय हॅमना ही शिस्त शिकण्याची उत्तम संधी स्वतःच्याच उपग्रहाने दिली होती. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट कक्षेत नेला. जगभरचे हॅम त्याला व्हीओ-५२ म्हणून ओळखू लागले. जेमतेम ४२.५ किलोच्या या उपग्रहावर दोन उलटवणारे ट्रान्सपाँडर होते, एक भारतात बनलेला आणि दुसरा नेदरलँड्समधल्या एका हॅम विद्यार्थ्याने बनवलेला. अपलिंक ४३५.२२० ते ४३५.२८० आणि डाउनलिंक १४५.८७० ते १४५.९३०. इथे जास्त वारंवारता वर जाणारी होती, म्हणजे काळजीपूर्वक हलवायचा तो मुख्यतः ट्रान्समीटर. जुलै २०१४ मध्ये बॅटऱ्या निकामी होऊन तो थांबला. नऊ वर्षे त्याने दक्षिण आशियासह जगभरच्या हॅमना लिनिअर ट्रान्सपाँडरची सवय लावली.

महाराष्ट्राचाही या क्षेत्रात वाटा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वर गेला. जेमतेम एक किलोच्या त्या उपग्रहाचा उद्देश हॅमना एकमेकांचे संदेश पोहोचवणे हा होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ मोहिमेत मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांचे 'बिलीफसॅट-०' हे हौशी रेडिओचे उपकरण रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर बसून कक्षेत फिरले. उपग्रह बनवणारे विद्यार्थी आणि तो ऐकणारे हॅम यांच्यातला सगळा व्यवहार या सरकत्या वारंवारतेवरून चालतो. बीकन ऐकून कळवणाऱ्याने आकडा लिहिताना वेळही लिहिली, तर ती नोंद दुप्पट मोलाची होते.

याचे कारण स्पष्ट आहे. एकाच रॉकेटने अनेक लहान उपग्रह सोडले, की रडारला ठिपके दिसतात. कोणता ठिपका कोणाचा, हे पहिल्या काही दिवसांत सांगता येत नाही. जमिनीवर टिपलेला डॉप्लरचा आलेख प्रत्येक ठिपक्याच्या कक्षेशी ताडून पाहिला, की आपला उपग्रह ओळखता येतो. १९७० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी ऑस्कर-६ या हौशी उपग्रहाच्या मदतीने दाखवून दिले, की संकटात सापडलेल्या विमानाच्या बीकनची जागा डॉप्लरवरून काढता येते. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेची पायाभरणी अशा प्रयोगांतून झाली. हॅमच्या छंदातून जीव वाचवणारी यंत्रणा उभी राहिल्याचे हे उदाहरण प्रत्येक क्लबात सांगितले गेले पाहिजे.

आज ही दुरुस्ती संगणक करू शकतो. जीप्रेडिक्ट किंवा सॅटपीसी३२ यांसारखी सॉफ्टवेअर कक्षेचे आकडे घेऊन दर क्षणाचा वेग काढतात आणि केबलवरून रेडिओचे दोन्ही व्हीएफओ हलवतात. ती अवश्य वापरावीत. मात्र तीन गोष्टी संगणक आपल्यासाठी करत नाही. कक्षेचे आकडे ताजे ठेवणे हे आपले काम. संगणकाचे घड्याळ बरोबर ठेवणे हेही आपलेच. डोक्यावरच्या पासमध्ये एका सेकंदाची चूक म्हणजे सत्तर सेंटिमीटरवर दोनशे हर्ट्झपर्यंतची चूक. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या रेडिओची स्वतःची तफावत. दहा लाखांत एक इतकीच ती असली, तरी ४३५ मेगाहर्ट्झवर ४३५ हर्ट्झ होते, आणि आवाज अनोळखी वाटायला तेवढे पुरे.

या तिन्ही चुका पकडणारे साधन एकच: बोलत असतानाच स्वतःचा आवाज डाउनलिंकवर ऐकणे. हेडफोन लावून, पाठवणे आणि घेणे एकाच वेळी चालू ठेवून, आपला आवाज आपल्याला नैसर्गिक वाटतो का, हे तपासावे. तो जाड किंवा किरटा वाटला, तर ट्रान्समीटर थोडा हलवावा. रिसीव्हर समोरच्याच्या आवाजावर बसवलेला आहे, त्याला हात लावू नये. ही एक सवय असली, की संगणक बंद पडला तरी पास वाया जात नाही. म्हणून या पुस्तिकेत हाताने करायच्या दुरुस्तीचे पाठ आधी आहेत आणि सॉफ्टवेअरची जोडणी नंतर.

भूस्थिर उपग्रह आल्यावर हा सगळा खटाटोप कशाला, असे काही जण विचारतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये गेलेल्या एस्हेल-२ वरचा क्यूओ-१०० भारतातून दिसतो. तो आपल्या दृष्टीने जागेवरच असल्याने डॉप्लर तिथे नगण्य आहे. पण १०४८९ मेगाहर्ट्झच्या डाउनलिंकवर घरच्या एलएनबीचा ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो, आणि बीकनला धरून तो सावरावा लागतो. म्हणजे कारण बदलले, तरी आपली वारंवारता उपग्रहाच्या हिशेबाने ठेवण्याची जबाबदारी तिथेही सुटत नाही. शिवाय विद्यार्थ्यांचे उपग्रह कमी उंचीवरच जाणार आहेत, आणि ते ऐकायला सरकत्या वारंवारतेची जाण असलेले कान लागणार आहेत.

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे, त्यांना गणिताची भीती असण्याचे कारण नाही. बेरीज, वजाबाकी आणि एक गुणाकार एवढ्यावर सगळे भागते. बोलण्यासाठी परवाना आणि कॉल साइन हवेच. आलेख काढण्याचा पाठ मात्र परीक्षेची तयारी करतानाही वाचून समजून घेता येईल. पाठ क्रमाने करावेत: आधी बीकनचा आलेख, मग एफएम उपग्रहावर पाच मेमरी, मग लिनिअर ट्रान्सपाँडरवर फक्त ऐकणे, आणि सर्वांत शेवटी दोन्ही व्हीएफओ हलवत बोलणे. प्रत्येक पाठानंतर एकच कसोटी लावावी: या क्षणी उपग्रहाला मी कुठे ऐकू जातो आहे? ज्याला हे न अडखळता सांगता येईल, त्याने आपल्या क्लबातल्या पुढच्या नवख्याला शेजारी बसवून शिकवायला घ्यावे. पासबँड सगळ्यांचा आहे. तो नीट वापरणारे जितके वाढतील, तितकी त्यात प्रत्येकाला जागा होईल.